हस्तात पेरलेले दोन वाफे

अण्णा गेल्याची बातमी आमच्या परसदारी आली. पुढच्या ओसरीवर वकिलीचे पक्षकार बसलेले असतात, म्हणून अण्णांचा गडी पांडबा कधीच तिकडून यायचा नाही. श्रावणातली सकाळ होती, अक्का चुलीपुढं भाकरी थापत होती आणि मी विहिरीवरून आणलेली घागर खाली ठेवत होते. पांडबा उंबऱ्याबाहेर उभा राहिला, डोक्याचं मुंडासं काढून त्यानं हातात घेतलं, आणि तेवढ्यावरूनच मला काय ते कळलं. "मास्तर गेलं की वो बाई," तो म्हणाला, "ताप उतरलाच न्हाई. पहाटं पानी मागितलं, मी तांब्या भरून आनस्तोवर..." अक्कानं हातातली भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाण्याचा हात फिरवला आणि विचारलं, "अण्णानं काल काही खाल्लं होतं का?" पांडबा म्हणाला, "पेज घेतली हुती दोन घोट." "बरं," अक्का म्हणाली. मग ती तव्याकडे बघत बसली. भाकरी करपली, घरभर धूर झाला, आतून मुली खोकत बाहेर आल्या, तरी तिनं ती उलटली नाही. या घरात येऊन मला नऊ-दहा वर्षं झाली, अक्काच्या हातची भाकरी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

वाचकांचा गोंधळ नको म्हणून सांगते. अक्का माझी सवत. सोलापुरातले नारायण मास्तर, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते तिचे थोरले भाऊ. म्हणजे ते माझे कोण लागले, याला काही नाव आहे की नाही ते मला ठाऊक नाही. या अंकाचे संपादक अण्णांच्या हाताखाली शिकलेले. त्यांनी रीतीप्रमाणे अक्काला विचारलं की मास्तरांच्या आठवणी सांगाल का, आम्ही लिहून घेऊ. अक्कानं पदरानं हात पुसले आणि माझ्याकडे बोट केलं. "हिला सांगा. ही लिहिते." म्हणून मी लिहिते आहे. माझं नाव घालू नका एवढी विनंती केली आहे. नाव नसलं तरी आमच्या घरी हा लेख वाचला जाणारच, कारण यजमानांना रविवारच्या अंकाबरोबर चष्मा नेऊन द्यायचं काम माझंच आहे.

मी मोहोळची. वडिलांकडे देवळाची पूजा होती आणि घरात आम्ही सहा भावंडं, पाच भाऊ आणि मी. माझं लग्न कसं ठरलं हे सांगायला लाज वाटायचं कारण नाही, कारण त्यात माझं असं काहीच नव्हतं. मी सातवीची परीक्षा पास झाले होते ते कुणी विचारलं नाही. पाहायला आलेल्या बायकांनी माझ्या आईकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "पाचही मुलगेच का? मधे काही गेलं नाही ना?" बाजारात शाळूचं बियाणं घेताना ते कुणाच्या रानातलं आहे हे आधी विचारतात, तसं ते विचारणं होतं. पाच मुलगे देणाऱ्या बाईची मुलगी म्हणून मला सोलापूरच्या नामांकित वकिलांच्या घरी आणलं. तिथं अक्का होती, तिच्या चार मुली होत्या, आणि सासूबाई तेव्हा हयात होत्या.

त्याआधीच्या पावसाळ्यापासूनची हकीगत मी अक्काकडून ऐकली. एका दिवसात नाही. डाळ निवडताना, पापड लाटताना, कधी अर्धी, कधी तीच पुन्हा. अक्काला चौथी मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी घरात बोलणं काढलं. वकिलांना दुसरं लग्न करण्याची फारशी हौस होती असं अक्काही म्हणत नाही. पण ते एकदा म्हणाले, "खाण तशी माती. जमिनीचा जो गुण असेल, तेच पीक येणार." ते अण्णांच्या कानावर गेलं आणि अण्णा उठून आले.

अण्णा शेतकी कॉलेजात शिकलेले. काही वर्षं सरकारी शेतकी खात्यात काढून, वरच्या साहेबाशी पटेना म्हणून सोलापुरात हायस्कुलात शास्त्र शिकवायला लागले. त्यांनी लग्न केलं नाही. गावाबाहेर कुंभारीच्या वाटेवर एक विहीर, तिच्याजवळ दोन खोल्या आणि थोडी जागा, एवढ्यात ते आणि पांडबा राहायचे. बोलायला लागले की समोरचा पोरगा आहे की पेन्शनर, याचं त्यांना भान नसायचं, दोघांनाही ते सारखंच समजावून सांगायचे. त्या दिवशी ओसरीवर बसून त्यांनी मेहुण्यांना समजावलं की, वकीलसाहेब, बीज मुलगा व्हायचं की मुलगी हे जमीन ठरवत नाही. जमीन फक्त पोसते. माणसांत, गुराढोरांत आणि ज्या झाडांत नर वेगळा आणि मादी वेगळी असते, तिथं मादीकडून येतं ते सगळं एकसारखंच असतं, नराकडून मात्र दोन प्रकारचं येतं. यातलं कुठलं लागू पडेल तो योग. माझ्या बहिणीकडे यात निवड करायला काही नाहीच, मग तिचा गुन्हा कसला?

सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "स्वतःला मूल ना बाळ, आणि आम्हाला शिकवतोय." वकील मात्र हसले नाहीत. त्यांना पुराव्याची सवय. ते म्हणाले, "नारायणराव, पुस्तकातलं मी मानत नाही. डोळ्यांना दिसेल असा पुरावा आणा. आणलात तर हा विषय मी बंद करतो, आईला मी समजावीन." अण्णांनी हे शब्द धरून ठेवले. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यात त्यांना कुणी इतकी सरळ संधी पूर्वी दिली नसावी.

पुरावा असा ठरला. गांजाचं झाड असं असतं की काही झाडं नुसती नर, काही नुसती मादी. पपईचंही तसंच, पण पपईला वर्ष लागतं आणि मोहोळला बोलणी सुरू होऊन फाल्गुनातला मुहूर्त बघणंही चाललं होतं. गांजा तीन-चार महिन्यांत फुलावर येतो. अण्णांनी ठरवलं की एकाच मादी झाडाचं बी घ्यायचं, दोन वाफे करायचे, एक शेणखत घातलेल्या काळ्या मातीचा आणि दुसरा नुसत्या मुरमाड मातीचा. जमीन ठरवत असेल तर दोन वाफ्यांत नर-मादीचं माप वेगवेगळं पडेल. बीच ठरवत असेल तर मुरमाडात झाडं खुरटी येतील, पण दोन्हीकडे निम्मे नर, निम्म्या माद्या असं साधारण सारखंच दिसेल. वकिलांना हे पटलं. खटला कसा सोपा करून मांडावा हे आमच्या घरात कुणाला कळत असेल तर त्यांनाच.

गांजा लावायचा म्हणजे अबकारी खात्याची परवानगी हवी. ती शाळेच्या शिक्क्यानं, शास्त्राच्या प्रयोगाकरिता म्हणून मिळाली. गावात व्हायचा तो बोभाटा झालाच. नारायण मास्तर गांजा पिकवतोय म्हटल्यावर ज्यांनी आयुष्यात झाडाचं पान ओळखलं नव्हतं तेही त्या वाटेनं फिरायला जायला लागले. दोन बैरागी तर कुंपणापलीकडे मुक्कामच टाकून बसले. पांडबा काठी घेऊन राखण करायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "ह्ये वडायचं न्हाई, ह्ये मोजायचं हाय." त्याचे कुणी सोयरे परवान्याच्या शेतात कामाला जायचे, त्यांच्याकडून ऐकलेलं तो अक्काला हौसेनं सांगायचा. गांजाच्या रानात मादीलाच भाव असतो, नर दिसला की उपटून बांधावर फेकतात, कारण त्याचा पराग उडाला तर मादीत बी भरतं आणि माल वाया जातो. "तितं पोरगी झाली म्हंजी आनंद की वो," पांडबा म्हणायचा. अक्का हे मला सांगताना हसली होती. तिला मी मनापासून हसताना फार थोड्या वेळा पाहिलं, त्यातली ही एक.

चूक झाली ती पेरणीच्या वेळेत. ती बाहेरच्या कुणाच्या ध्यानात यायची नाही, आणि आमच्याकडच्या कुणालाही ती चूक वाटली नसती. सोलापूरकडे पेरणी म्हणजे रब्बी. मृगाचा पाऊस आमच्याकडे आला तर आला. काळी जमीन उत्तरा-हस्तात, म्हणजे भाद्रपद-आश्विनात भिजते, मग पेरतात, आणि थंडीच्या ओलीवर शाळू पिकतो. बाप-आजा हेच करत आले. अण्णा शेतकी कॉलेजात शिकले, पुस्तकं वाचली, पण अंगात रक्त अक्कलकोटकडच्या शेतकऱ्याचं. हस्ताचा पाऊस पडून वाफसा आला, जमीन पेरणीजोगी झाली आणि त्यांनी दोन्ही वाफे पेरले. त्यात घाईही होती. पुढच्या पावसाळ्याची वाट बघत बसलं असतं तर लग्न होऊन गेलं असतं. घाई आणि सवय अशी एकत्र आली की शहाणा माणूसही विचार करायचा थांबतो.

झाडं उगवली, पण वाढेनात. गुडघ्याएवढी झाली नाहीत तोच फुलावर आली. अण्णा रोज शाळा सुटली की भिंग घेऊन वाफ्यात बसायचे. पानाच्या बेचक्यात बारीक देठावर गोळा लटकत असेल तर नर, आणि दोन पांढरे केस बाहेर आले असतील तर मादी. पहिल्यांदा सगळं ठीक वाटलं. मग मादी झाडांच्या शेंड्यावर नराची फुलं दिसायला लागली. नराच्या फांदीवर पांढरे केस यायला लागले. पौषाच्या मध्यावर तर अशी परिस्थिती झाली की दोन्ही वाफ्यांत धड नर म्हणावं किंवा धड मादी म्हणावं असं झाड शोधावं लागे. पांडबानं वाफ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. "कुनाची तरी नजर लागली बगा मास्तर," म्हणाला. अण्णांनी त्याला थांबवलं नाही, यावरून त्यांची काय दशा झाली होती ते कळतं.

वकील ठरल्या दिवशी शाल पांघरून, काठी घेऊन गेले. खोटं बोलायचं अण्णांना जमलं नसतंच. त्यांनी जे होतं ते भिंगाखाली दाखवलं. वकिलांनी एक झाड पाहिलं, दुसरं पाहिलं, भिंग परत दिलं आणि म्हणाले, "नारायणराव, तुमच्या साक्षीदारांनाच आपण कोण ते ठाऊक नाही. मी काय धरून चालू?" ते रागावून बोलले नाहीत. अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून बोलले, असं पांडबा सांगतो. फाल्गुनात माझं लग्न झालं. अक्कानं दारात माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, कपाळाला कुंकू लावलं आणि हाताला धरून आत घेतलं. तिचा हात गार होता, एवढंच मला त्या दिवसाचं नीट आठवतं.

पुढच्या आषाढात अण्णांनी पुन्हा पेरलं. का, हे त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. सगळ्यांनी वरातीमागून घोडं म्हटलं, आणि या वेळी ती म्हण शब्दशः खरी होती, कारण वरात माझीच होती. आश्विन लागला तेव्हा ते घरी आले आणि वकिलांना म्हणाले, "एकदा येऊन बघा. या वेळी स्वच्छ आलंय." वकील कागदावरून मान वर न करता म्हणाले, "अपील मुदतीत करायचं असतं, नारायणराव." अण्णा उभेच राहिले. मग आतल्या दाराशी येऊन त्यांनी अक्काला विचारलं, "तू येतेस?" आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुम्हीही या." मला तेव्हा पाचवा महिना होता. सासूबाई लेकीकडे गेल्या होत्या म्हणून जमलं. आम्ही दोघी एका टांग्यातून गेलो.

अण्णांना मी नीट पाहिलं ते त्या दिवशी. काळे, उंच, कोटाच्या बाह्या आखूड झालेल्या. त्यांनी मला वाफ्याच्या कडेला नेलं. काळ्या मातीतली झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली होती, मुरमाडातली कमरेएवढी, पण दोन्हीकडे नर सगळे उंच आणि सडसडीत, माद्या भरलेल्या, दाट पानांच्या. भिंगसुद्धा लागत नव्हतं. त्यांनी तरी ते माझ्या हातात दिलं आणि ते दोन पांढरे केस दाखवले. निम्मे नर आणि निम्म्या माद्या होत्या, इकडेही आणि तिकडेही. मग त्यांनी सांगितलं की मधल्या काळात पुण्याहून एक विलायती मासिक वाचायला मिळालं. थंडीतल्या लहान दिवसांत हे झाड पेरलं तर ते गोंधळतं. आत जे लिहिलेलं असतं ते पुसलं जात नाही, पण उजेड पुरेसा न मिळाल्यानं झाड भलतंच काही करून बसतं. "मी त्याला चुकीच्या दिवसांत साक्षीला उभं केलं," ते म्हणाले.

मी सतरा-अठरा वर्षांची होते आणि मला गप्प बसायची अजून सवय झाली नव्हती. मी विचारलं, "म्हणजे मागल्या खेपेला तुम्ही पावसाळ्यात पेरलं असतं तर मी त्या घरात आले नसते?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "नसता आलात," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "कुठं गेला असता, ते मात्र मला सांगता येणार नाही..."

अक्का टांग्यातून उतरलीच नव्हती. ऊन लागतंय म्हणाली. अण्णा भिंग घेऊन तिच्यापर्यंत गेले, एक फांदी तोडून नेली. तिनं फांदी हातात घेतली, मांडीवर ठेवली आणि भिंग परत केलं. "मला काय कळतंय त्यातलं," म्हणाली. परत येताना तिनं ती फांदी वाटेत टाकून दिली. मला तेव्हा तिचा राग आला होता.

त्या दिवाळीत भाऊबीजेला अण्णा आले. अक्कानं पाट मांडला, रांगोळी घातली, निरांजन लावलं. मी मागं स्वयंपाकघरात होते. अण्णा पाटावर बसल्यावर म्हणाले, "दुसरी कुठाय?" कुणाला काही कळेना. "मला दोन बहिणी असताना एकीनंच ओवाळायचं ही कुठली रीत?" मला बोलावून घेतलं. मी ओवाळलं तेव्हा डोळ्यांत पाणी आल्यानं त्यांचं कपाळ मला दिसेना, कुंकू नाकावर लागलं. मुली हसल्या. त्यांनी दोन सारख्या चोळखणांच्या घड्या ताटात ठेवल्या. माझ्या त्या पाच भावांपैकी, ज्यांच्यामुळं मला निवडलं होतं, एकही या घरात भाऊबीजेला आला नाही. सवतीवर दिलेल्या बहिणीकडे यायला त्यांना संकोच वाटतो असं आई कळवते. अण्णा मात्र दर वर्षी आले.

मला पहिली मुलगी झाली. मग दुसरी. मार्शल लॉच्या सालानंतर सरकारला सोलापुरात गांधी टोपी घातलेला माणूसही संशयित वाटायचा, तिथं गांजाचा वाफा म्हणजे फारच झालं. अबकारीची परवानगी पुढं मिळाली नाही. एक शिपाई समोर उभा राहिला आणि अण्णांनी आपल्या हातानं सगळी झाडं उपटून जाळली. शाळेच्या मंडळींनीही सुटकेचा निःश्वास टाकला. वाफ्यांत पांडबानं मेथी आणि कांदे लावले. अण्णा पुढं शिकवत राहिले, पण समजावून सांगायची जी त्यांची उमेद होती ती गेली. मुलांना ते पुस्तकातलं वाचून दाखवायचे आणि घंटेची वाट बघायचे, असं त्यांचे विद्यार्थीच सांगतात.

तिसरी मुलगी झाली तेव्हा मला वाटलं, आता तरी अण्णांनी ओसरीवर जाऊन बोलावं. चार आणि तीन सात. दोन जमिनी, पीक एकच. आता कुणाकडे बोट दाखवायचं हे आंधळ्यालाही दिसावं. ते मला बघायला आले तेव्हा मी बाळंतिणीच्या खोलीच्या दाराआडून त्यांना हे म्हटलं. जरा जोरातच म्हटलं. अण्णा दाराबाहेर खाली बसले. मग म्हणाले, "यानंही काही सिद्ध होत नाही, बाई. नाणं सात वेळा फेकलं आणि सात वेळा छापा पडला, तर दोष नाण्याचा नाही आणि फेकणाऱ्याचाही नाही. वकिलांचाही यात गुन्हा नाही. दोष हा शब्दच इथं लागू नाही. मला एवढंच सांगायचं होतं सगळ्यांना..." मला इतका संताप आला की मी दार लावून घेतलं. ज्या माणसानं माझ्या बाजूनं बोलावं, तो खरं बोलत होता. खरं बोलणाऱ्या माणसाचा बाईमाणसाला फार उपयोग नसतो. या घरात कुणाला तरी दोष लागायचाच होता आणि तो कुणी घ्यायचा हेही ठरलेलंच होतं.

गेल्या वर्षी वकिलांनी आपल्या धाकट्या भावाचा मुलगा दत्तक घेतला. मुलगा गुणी आहे, मला आई म्हणतो, अक्कालाही आई म्हणतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दत्तकहोमाच्या दिवशी पंगतीत वाढताना माझ्या मनात एकच होतं, की हा मुलगा घ्यायची वाट तर तेव्हाही होती. धाकट्या दिरांना मुलगे तेव्हाही होते. मग मला मोहोळहून आणलं ते कशाला? अण्णा पंगतीच्या शेवटी भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्या पानापुढं थांबले. त्यांनी वर पाहिलं आणि हात आडवा धरला, वाढू नका म्हणून.

शेवटची भेट आषाढात. ते परसदारीच आले, पांडबासारखे. पायरीवर बसले, खूप वाळले होते, बारीक ताप येतो म्हणाले. मी चहा दिला. त्यांनी खिशातून ते भिंग काढून पायरीवर ठेवलं. "पोरींना असू द्या," म्हणाले, "उन्हात कागद जाळायला बरं पडतं." मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला लागेल." ते म्हणाले, "आता काय बघायचंय?" चहा अर्धा तसाच ठेवून गेले.

अण्णा वारल्यावर पंधरवडा झाला असेल नसेल, अक्काची थोरली, कमळी, जी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आलेली आहे, तिला मुलगी झाली. सासरी लगेच कळवलं. तिकडून कुणी आलं नाही. बारसं आम्हीच उरकलं. त्या संध्याकाळी अक्का पाळण्याची दोरी हातात धरून बसली होती आणि मी मुलींचे कपडे घडी करत होते. ती एकदम म्हणाली, "अण्णा सांगायचा ते तुला पटलं होतं का गं?"

"पटलं होतं," मी म्हटलं. "मी डोळ्यांनी पाहिलं की. तुम्ही उतरला असता तर तुम्हालाही दिसलं असतं."

"म्हणूनच उतरले नाही," अक्का म्हणाली. पाळणा हलत होता तो तिनं थांबवला नाही. "माझ्यात खोट आहे असं धरलं म्हणून तुला दारातून आत घेताना हात थरथरला नाही माझा. माझा काही गुन्हाच नव्हता असं मानलं असतं, तर त्या दिवशी कुंकवाचा करंडा मी कुणाच्या तोंडावर फेकला असता? आणि पुढं याच घरात भाकरी थापत कशी राहिले असते? अण्णाला वाटायचं तो मला सोडवतोय. बिचारा... त्याला कसं सांगायचं?"

इतकी वर्षं तो माणूस एका बहिणीसाठी खपला, आणि बहिणीला जगायचं तर त्याचं खरं ठरून चालणार नव्हतं. त्याला हे कळलं नाही हे बरं झालं की वाईट झालं, हे मला अजून ठरवता येत नाही. कमळीचं बाळ रडायला लागलं तेव्हा अक्कानं ते उचलून घेतलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "झालीस आमच्यातली."

भिंग देवघराच्या कोनाड्यात आहे. ऊन पडलं की माझी मधली ते घेऊन अंगणात जाते आणि कागदाला भोक पाडते, अण्णांनी सांगितलं होतं तसंच. अण्णांचा पाट भिंतीला टेकवून ठेवला आहे, चुलीच्या उजव्या हाताला. दिवाळी आता तोंडावर आली. अक्का काल म्हणाली की यंदा तो माळ्यावर टाकून दे. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, तेवढंच ती करणार आहे. मोहोळचे माझे पाचही भाऊ सुखरूप आहेत. पण मीही अंगणात अक्काच्या शेजारीच उभी राहणार आहे. आमच्या अंगणाला पश्चिमेकडून उंच भिंत आहे आणि द्वितीयेची कोर दिवेलागणीला दिसते न दिसते तोच मावळायला लागते. ताट आधीच तयार ठेवावं लागेल.